शिवण नसलेला अंगरखा : सुया आणि माग

संत योहानाच्या शुभवर्तमानातील एकोणिसाव्या अध्यायात वधस्तंभाच्या पायथ्याशी चार शिपाई आपापला वाटा मोजत आहेत. देहदंड झालेल्या माणसाचे कपडे हा त्यांच्या चाकरीतला वरकड लाभ. बाकीच्या वस्त्रांचे त्यांनी चार भाग केले. अंगरख्यापाशी मात्र त्यांचे हात थबकले. त्याला शिवण नव्हती, तो वरपासून खालपर्यंत एकसंध विणलेला होता. फाडला असता तर चौघांच्याही हाती चिंधीच आली असती. म्हणून त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. येथे बाविसाव्या स्तोत्राचे वचन पूर्ण झाले, असे योहान लगोलग नमूद करतो आणि उत्तम शुक्रवारी दुःखसहनाचा वृत्तांत ऐकताना आपलेही लक्ष त्या भाकिताकडेच जाते. अंगरखा मागे राहतो. तो कोणी विणला, कशावर विणला, हे विचारण्याची सवड त्या दिवशी कोणाला असणार?

प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. तो आपल्याला सहसा पडत नाही याला थोडीशी आपली भाषाही कारण आहे. मराठीत 'विणणे' हे क्रियापद मोठे उदार आहे. कोळी जाळे विणतो, बुरूड टोपली विणतो, आजोबा अंगणात खाट विणतात, आजी नातवासाठी स्वेटर विणते आणि कोष्टी मागावर लुगडे विणतो. पाच कामे, पाच साधने, शब्द एक. इंग्रजी, जर्मन या भाषांत सुयांवरचे विणणे आणि मागावरचे विणणे यांना दोन निराळे शब्द आहेत. त्यांची गल्लत होत नाही. योहानाने वापरलेला ग्रीक शब्द 'हुफान्तोस' हा निःसंशय मागाच्या घराण्यातला आहे. आपण मात्र 'विणलेला' एवढेच वाचतो आणि ज्याच्या त्याच्या मनात ज्याचे त्याचे विणकाम उभे राहते.

आमच्या धर्मग्रामातील एका निवृत्त शिक्षिकेच्या मनात सुया उभ्या राहत. सारा गाव त्यांना 'टीचर' म्हणतो, मीही तेच म्हणेन. कॉन्व्हेंटच्या शाळेत धर्मभगिनींनी त्यांच्या हाती सुया दिल्या, त्या पन्नास वर्षे खाली ठेवल्या गेल्या नाहीत. गावात बाप्तिस्म्याला आलेल्या कितीतरी बाळांच्या डोक्यावर त्यांनी विणलेले टोपडे असते. लोकलमध्ये, दवाखान्याच्या बाकावर, मयताच्या घरी रात्र जागवताना त्यांची बोटे चालूच असतात. एक सुलट, एक उलट. त्यांच्या घरी लोकरीच्या परडीवर एक चित्र टांगलेले आहे. जर्मनीत सेवा करणाऱ्या, नात्यातल्या एका धर्मभगिनीने ते पाठवले होते. पवित्र मरिया आसनावर बसली आहे, तिच्या हातात चार सुया आहेत आणि त्यांवर बाळाचा अंगरखा पुरा होत आला आहे. "माय मरिया आमच्यातलीच," असे टीचर ज्याला त्याला सांगत.

हे चित्र खरे आहे, म्हणजे प्रसिद्ध आहे. मिंडेन गावचा बर्ट्राम नावाचा चित्रकार चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात हँबर्ग शहरात नावारूपाला आला. बुक्स्टेहुडे येथील बेनेडिक्टाइन भगिनींच्या मठासाठी सुमारे १४०० साली तयार झालेली वेदीवरील चित्रमालिका त्याच्या नावाने ओळखली जाते. आज ती हँबर्गच्या कलासंग्रहालयात आहे. तिच्यातलेच हे एक दृश्य. बाळ येशू गवतावर पुस्तक उघडून पहुडला आहे आणि मान वळवून मागे पाहतो आहे, कारण दोन देवदूत आले आहेत आणि त्यांच्या हातात क्रूस, भाला, खिळे आणि काट्यांचा मुकुट आहे. आई विणते आहे. अंगरखा गळ्यापाशी आला आहे, आता थोडेच टाके उरले आहेत. ज्या अंगरख्यावर पुढे चिठ्ठ्या पडणार तो हाच, हे पाहणाऱ्या भगिनींना वेगळे सांगावे लागत नसे. मी या चित्राची छापील प्रतच पाहिली आहे. पण त्या आईच्या हातांकडे पाहून घशाशी काही दाटून येत नाही असा माणूस विरळा.

बर्ट्राम एकटा नव्हता. त्याच्या अर्धशतक आधी इटलीत अँब्रोजो लोरेंझेत्ती, व्हिताले दा बोलोन्या, तोम्माझो दा मोदेना यांनीही सुयांवर विणणारी मरिया रंगवली होती. कलेचे इतिहासकार अशा चित्रांना 'विणणारी मादोन्ना' असे नावच देतात. विणकामाच्या इतिहासकारांना तर ती चित्रे म्हणजे पर्वणी: चार-पाच सुयांवर गोल गोल विणण्याची रीत चौदाव्या शतकाच्या मध्याला युरोपात रुळली होती, याचा तो चक्षुर्वै पुरावा.

आणि नेमकी इथेच अडचण आहे. नासरेथच्या मरियेने सुयांवर विणले असण्याचा संभव जवळजवळ नाही. इजिप्तच्या कोरड्या वाळूत तिसऱ्या ते पाचव्या शतकांतले लोकरी मोजे सापडले आहेत. सपाता घालता याव्यात म्हणून त्यांना अंगठ्यापाशी खाच आहे. एके काळी तज्ज्ञ त्यांना सुयांवरचे विणकाम समजत. बारकाईने पाहिल्यावर कळले, की ते एकाच नेढे असलेल्या सुईने, धाग्याचे तुकडे गाठीगाठीने एकमेकांत ओवून केलेले आहे. दिसते विणल्यासारखे, पण जात निराळी. दोन सुयांवर सलग धाग्याचे फास एकातून एक ओढण्याची खरी विद्या इजिप्तमध्येच, पण इस्लामी राजवटीत, अकराव्या ते चौदाव्या शतकांच्या दरम्यान निळ्या-पांढऱ्या सुती मोज्यांच्या रूपाने प्रथम आढळते. तेथून ती स्पेनमध्ये गेली असावी. बुर्गोसजवळच्या लास उएल्गास मठात राजपुत्र फर्नांदो दे ला सेर्दा याची कबर आहे. तो १२७५ साली वारला. त्याच्या कबरीत रेशमी धाग्याने विणलेली उशी मिळाली. युरोपातल्या अस्सल विणकामाच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत तिची गणना होते. 'उलट' टाक्याचा तर जुन्यात जुना भरवशाचा पुरावा १५६२ साली निवर्तलेल्या तोलेदोच्या एलेओनोरा हिच्या पायांतील तांबड्या रेशमी मोज्यांत सापडतो. तात्पर्य, टीचरांचे 'एक सुलट, एक उलट' बर्ट्रामच्या मरियेलाही बहुधा परके वाटले असते. मग नासरेथच्या मरियेची गोष्टच सोडा.

मग या भाविक चित्रकारांनी तिच्या हाती सुया का दिल्या? माझ्या मते कारण साधे आहे. त्यांना शिवण नसलेले वस्त्र दाखवायचे होते आणि चार सुयांवर गोल विणलेल्या नळीला शिवण नसते, हे त्यांच्या घरातल्या बाया रोज दाखवत होत्या. माग तोवर शहरातल्या घरांतून बराचसा उठला होता. आडवा, पायांनी चालणारा माग आणि त्यावर बसणारे संघटित कारागीर, मुख्यत्वे पुरुष, हे त्या काळचे चित्र. मरियेला मागावर बसवणे म्हणजे तिला कारखान्यात नेऊन बसवण्यासारखे झाले असते. त्यांना ती घरात हवी होती. दुसरेही एक कारण असू शकेल. हा अंगरखा मरियेने येशूच्या बालपणी केला आणि तो मुलाबरोबर वाढत गेला, अशी एक मध्ययुगीन आख्यायिका आहे. मागावरचे कापड वाढत नाही. सुयांवरचे विणकाम ताणते, सैल होते आणि मूल वाढले की आई ते उसवून, धागा वाफवून, नवी लोकर घालून मोठे करते. ही आख्यायिका विणणाऱ्या घरातूनच आली असेल, असे मला उगाच वाटते.

पूर्वेकडच्या ख्रिस्तसभेने मात्र मरियेच्या हातात सुया दिल्या नाहीत. तिने टकळी दिली. दुसऱ्या शतकातील 'याकोबाचे आदिशुभवर्तमान' हा ग्रंथ आपल्या बायबलात नाही, पण भक्तिपरंपरेवर त्याची छाप मोठी आहे. मंदिराच्या पडद्यासाठी सूत कातायला कुमारिका निवडल्या गेल्या, चिठ्ठ्यांत जांभळा आणि किरमिजी रंग मरियेच्या वाट्याला आला आणि ती जांभळे सूत कातत असतानाच गब्रिएल दूत आला, असे त्यात सांगितले आहे. रोममधील सांता मारिया माज्जोरे या महामंदिराच्या कमानीवर पाचव्या शतकातील कुट्टिमचित्रात ती अशीच दिसते, शेजारी लोकरीची टोपली आणि हाती सूत. सिनाय पर्वतावरील संत कॅथरीनच्या मठात बाराव्या शतकातले शुभसंदेशाचे चित्र आहे, त्यातही तिच्या बोटांत तांबडा धागा आहे. हे सूत मंदिराच्या पडद्याचे, आणि तो पडदा पुढे कोणत्या दुपारी दुभंगला हे वाचकांना ठाऊक आहेच.

हे सारे मी टीचरांना एका रविवारी, मिस्सा झाल्यावर, त्यांनी विचारले म्हणून सांगितले. त्या बराच वेळ गप्प होत्या. धर्मगुरूंच्या वाट्याला असे प्रसंग येतात. माणसाच्या श्रद्धेला कशाचा आधार आहे हे बाहेरून दिसत नाही, आणि काढून घेतलेला आधार किती मोठा होता हे तो काढल्यावर कळते. पण खोट्या समजुतीवर तरलेली भक्ती फार दिवस टिकत नाही, असे मी मानत आलो आहे. शेवटी त्यांनी एकच विचारले, "मग फादर, तिनं केलं असेल ते काम शिकता येईल का मला?"

योगायोगाने त्यांची मुलगी सोलापूरला दिली आहे. त्या तेथे चार महिने राहिल्या आणि अजूनही हातमाग चालवणाऱ्या एका वृद्ध विणकराकडे रोज सकाळी जाऊ लागल्या. तेलुगू वळणाचे मराठी बोलणारा हा गृहस्थ त्यांना 'अक्का' म्हणे. पन्नास वर्षे सुया चालवलेल्या बाईला माग सहज येईल असे दोघांनाही वाटले होते. तसे झाले नाही. का झाले नाही, हे त्यांनी मला परत आल्यावर जे सांगितले त्यावरून थोडे विस्ताराने लिहितो. कारण योहानाचे ते वाक्य समजायला मला त्याचा उपयोग ग्रंथांपेक्षा कमी झाला नाही.

सुयांवर काम करणारीपाशी एकच धागा असतो. गुंडा घेतला, टाके घातले की वस्त्र सुरू. ते मांडीवर वाढते, पिशवीत मावते, कोठेही थांबते. चुकले तर उसवावे. धागा जसाच्या तसा हाती येतो. खांदा हवा तेथे टाके कमी करावेत, छाती हवी तेथे वाढवावेत. वस्त्राचा आकार विणता विणताच ठरतो. मागावर याच्या उलट. तेथे आधी शेकडो उभे धागे, म्हणजे ताणा, तयार व्हावा लागतो. छत्तीस इंच पन्हा आणि इंचाला चाळीस धागे धरले तरी १४४० धागे झाले. ते मोजायचे, सारख्या लांबीचे करायचे, खळ द्यायची, तुरीवर गुंडाळायचे, मग प्रत्येक धागा आपल्या फासातून आणि फणीच्या आपल्या घरातून ओवायचा. टीचरांना पहिले काम मिळाले ते जुन्या ताण्याच्या टोकांना नव्या ताण्याचा एकेक धागा पीळ देऊन जोडण्याचे. कित्येक दिवस त्यांनी एवढेच केले. कापड एक बोटही झाले नव्हते. "विणायला कधी सुरुवात करायची?" असे त्यांनी विचारले तेव्हा म्हातारा म्हणाला, "अक्का, हेच विणणं."

धोटा हाती आला तेव्हा निराळीच तऱ्हा. सुयांवर सूत बोटांच्या ताणाने चालते. चांगली विणणारी बाई धागा बोटाभोवती किंचित ओढून धरते, तेच तिचे कसब. मागावर टीचरांच्या बोटांनी तेच केले. बाणा, म्हणजे आडवा धागा, प्रत्येक फेरीला त्या जरासा ओढून घेत, आणि कापडाच्या कडा आत येऊ लागल्या. छत्तीस इंचांचा पन्हा वीतभर विणेपर्यंत चौतिसावर आला, कडेचे धागे फणीवर घासून तुटू लागले. बाणा तिरपा आणि सैल टाकायचा असतो. फणीच्या ठोक्यासरशी तो ताण्याच्या धाग्यांवर-खाली वळत जातो आणि त्या वळणाला लागणारी जादा लांबी त्याला आधीच द्यावी लागते. मागावर ताण धरण्याचे काम लाकडाचे, हाताचे काम ढील देण्याचे. पन्नास वर्षांची सवय मोडायला त्यांना सहा आठवडे लागले. शिवाय पाय खड्ड्यात, पायपट्ट्या खालीवर, हात धोट्यावर, आणि पाठ सतत वाकलेली.

आणखी दोन गोष्टी त्यांनी सांगितल्या. ताण्यात झालेली चूक कापडाच्या शेवटापर्यंत सोबत येते. तेथे उसवणे नाही. आणि माग एकट्याने लावता येत नाही. ताणा गुंडाळताना समोरून कोणीतरी तो ताणून धरावा लागतो. विणकराची म्हातारी पत्नी ते करत असे, बोलत असे, मध्येच चहा ठेवायला जात असे. टीचरांचे आयुष्यभराचे विणकाम एकटीचे होते; हे काम दोघींचे झाले.

आता पॅलेस्टाइनकडे वळू. येशूच्या काळी तेथे खड्ड्याचा माग नव्हता, उभा माग होता. त्याचे दोन प्रकार. एकात वरच्या तुळईला ताण्याचे धागे बांधून त्यांच्या खालच्या टोकांना मातीची किंवा दगडाची वजने लोंबकळती ठेवत. अशा मागावर वरून सुरुवात करावी लागते आणि आडवा धागा वरच्या बाजूला ठोकून बसवावा लागतो. कापड वरून खाली वाढते. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकातील एका ग्रीक तैलपात्रावर असा माग चितारलेला आहे: दोन स्त्रिया उभ्या राहून, येरझारा घालत विणत आहेत. दुसऱ्या प्रकारात वर-खाली दोन तुळया असतात आणि विणकाम खालून वर जाते. रोमन काळात हा दुसरा माग पॅलेस्टाइनमध्ये पसरत होता आणि जुना मागे पडत होता. योहानाचे 'वरपासून विणलेला' हे शब्द मागाची माहिती असलेल्या माणसाच्या कानाने ऐकले तर त्यांतून जुन्या रीतीचा माग डोकावतो, असे काही भाष्यकारांना वाटले आहे. ते शब्द नुसतेच 'गळ्यापासून पायघोळापर्यंत' अशाही अर्थाचे असू शकतात, हे मान्य केले पाहिजे. पण एक गंमत लक्षात घ्यावी. बर्ट्रामच्या चित्रात मरियेचा अंगरखा गळ्याशी येऊन संपतो आहे. तिचे विणकाम खालून वर गेले. योहानाचे वरून खाली येते.

शिवण नसलेला अंगरखा मागावर होतो तरी कसा? मृत समुद्राजवळच्या गुहांमध्ये यिगाएल यादिन यांनी १९६० आणि १९६१ साली केलेल्या उत्खननांत दुसऱ्या शतकातल्या ज्यूंची खरीखुरी वस्त्रे हाती आली. त्यांतले लोकरी अंगरखे दोन सारख्या पट्ट्यांचे आहेत. पुढची एक, मागची एक, खांद्यावर शिवलेल्या. सर्वसाधारण रीत ही असावी. एकसंध अंगरख्यासाठी फार रुंद माग हवा आणि गळ्याची चीर विणतानाच सोडावी लागते, किंवा कापड नळीसारखे दुहेरी विणण्याचे कसब हवे. म्हणजे शिवण नसणे ही योगायोगाची गोष्ट नव्हती. मागावर ताणा चढण्यापूर्वीच कोणीतरी तसे ठरवले होते.

येथे दोन जुने साक्षीदार दोन दिशांना बोट दाखवतात. यहुदी इतिहासकार योसेफस प्रमुख याजकाच्या झग्याचे वर्णन करताना तो दोन तुकड्यांचा नसून सलग विणलेला असे, हे मुद्दाम सांगतो. त्यावरून क्रूसावरचा ख्रिस्त हा आपला महायाजक, असा अर्थ पुष्कळांनी काढला. संत योहान ख्रिसोस्तोम याला मात्र उलट वाटले. पॅलेस्टाइनमध्ये कापडाच्या दोन पट्ट्या जोडून विणण्याची रीत आहे आणि योहान ती सांगतो ती वस्त्राचा साधेपणा, गरिबी दाखवण्यासाठी, असे त्याने आपल्या प्रवचनात म्हटले आहे. एकाला त्यात याजकाचा झगा दिसला, दुसऱ्याला गरिबाचा सदरा. मला स्वतःला ख्रिसोस्तोमचे मत अधिक पटते, पण त्यासाठी शिपायांनी चिठ्ठ्या का टाकल्या याचे उत्तर द्यावे लागते. आणि ते उत्तर बहुधा कापडाच्या किमतीत नसून त्यात गेलेल्या श्रमांत आहे. त्या काळी जाडेभरडे वस्त्रही स्वस्त नव्हते.

तो मरियेनेच विणला, असे शुभवर्तमान कोठेही म्हणत नाही. गालिलात धंदेवाईक विणकरही होते. पण लोकरीचे काम हे स्त्रीचे ठरलेले काम होते, याविषयी शंका नाही. सुमारे २०० साली संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी धर्मशास्त्रग्रंथात पत्नीची कामे मोजली आहेत: दळणे, भाजणे, धुणे, रांधणे, मुलाला पाजणे, अंथरूण घालणे आणि लोकर कातणे. नवरा दूर असताना तिने आठवड्याला किती सूत द्यावे, याचे वजनच तेथे बांधून दिले आहे: ताण्याचे सूत असेल तर यहुदियाच्या मापाने पाच सेला, बाण्याचे असेल तर दहा, गालिलाच्या मापाने त्याच्या दुप्पट. ताण्याचे सूत पक्के पिळावे लागते, त्याला वेळ अधिक लागतो, म्हणून निम्मे वजन. माग न पाहिलेल्या माणसाने हा नियम केला नसता. आणि त्यालाच जोडून एक वाक्य आहे: स्त्री तान्ह्याला पाजत असेल तर तिचे काम कमी करावे आणि तिचे अन्न वाढवावे. नासरेथच्या त्या घरात काय चालत असेल याची याहून जवळची खूण मला इतिहासात मिळालेली नाही. पहाटे जाते, मग चूल, मग बाळ, मग टकळी. आणि दिवस उरला तर उभ्या मागापाशी, शेजारणीच्या मदतीने, वरून खाली एकेक बोट.

टीचर परत आल्या तेव्हा दोन वार पांढरे सुती कापड घेऊन आल्या. कडा नागमोडी होत्या. त्यांनीच आधी दाखवल्या. भिंतीवरचे चित्र त्या उतरवतील की काय, असे मला वाटले होते. चित्र तेथेच आहे. "चित्रात ती किती निवांत बसलीय, फादर," त्या म्हणाल्या. "आता मला तिच्या पाठीची काळजी वाटते." मरियेविषयीची अनेक प्रवचने मी ऐकली आहेत, केलीही आहेत. तिच्या पाठीविषयी त्यांत कोणी काही बोललेले मला आठवत नाही.

शिवण नसलेल्या वस्त्राचे आपल्याला फारसे नवल वाटू नये, हेही जाता जाता म्हटले पाहिजे. आपल्या पणज्या नेसत त्या नऊवारी लुगड्याला शिवण कोठे होती? मागावरून उतरले तसे अंगाला लागले. उत्तर कोकणातल्या आपल्या ख्रिस्ती बायकांनी चौकड्यांचे लुगडे पोर्तुगीज राजवटीनंतरही सोडले नाही. गोव्यातल्या कुणबी बायकांच्या तांबड्या चौकड्यांची तीच कथा. हे कापड विणणारे माग एकामागून एक थांबले, आणि अलीकडे वेंडेल रॉड्रिक्स यांच्यासारख्या वेशकाराने कुणबी साडीला पुन्हा उजेडात आणण्यासाठी खटपट केली, तेव्हा काय गमावत होतो हे अनेकांच्या ध्यानात आले. रोमन शिपायांना जे अप्रूप वाटले ते आमच्या आज्यांच्या पेटीत घडी घालून ठेवलेले होते.

अंगरख्याचे पुढे काय झाले? ख्रिस्तसभेच्या इतिहासात त्याला दोन आयुष्ये लाभली. पहिले शब्दांतले. कार्थेजचा बिशप संत सिप्रियन याने २५१ साली ख्रिस्तसभेच्या ऐक्यावर लिहिताना हा अंगरखा ऐक्याची खूण म्हणून पुढे केला: जो ख्रिस्ताच्या मंडळीला दुभंगतो त्याला ख्रिस्ताचे वस्त्र लाभत नाही. छळ नुकताच ओसरला होता आणि भीतीपोटी श्रद्धा नाकारलेल्यांना परत घ्यावे की नाही यावरून त्याचे लोक एकमेकांचे गळे धरत होते. तेव्हापासून फुटीच्या प्रत्येक प्रसंगी कोणी ना कोणी हा अंगरखा बाहेर काढतो. दोन्ही बाजूंचे लोक तो आपल्याच अंगावर आहे असे मानतात.

दुसरे आयुष्य अवशेषांचे. जर्मनीतील ट्रियर शहराच्या मुख्य मंदिरात पवित्र अंगरखा म्हणून एक वस्त्र जपलेले आहे. सम्राज्ञी संत हेलेनाने ते पाठवले अशी परंपरा. लेखी इतिहास मात्र ११९६ पासूनचा, त्या वर्षी तो नव्या वेदीत ठेवला गेला. १५१२ साली तो प्रथम लोकांना दाखवण्यात आला आणि त्याला ५०० वर्षे झाली म्हणून २०१२ साली पुन्हा दर्शन घडले, तेव्हा पाच लाखांहून अधिक यात्रेकरू आले. पण त्या वस्त्राला शतकानुशतके इतकी ठिगळे आणि इतके थर लागले आहेत, की मूळ विणकर कोणत्या हाताचा होता हे आता त्यातून वाचता येत नाही.

पॅरिसजवळच्या आर्जन्तयी गावातला अंगरखा अधिक बोलका आहे. तो तपकिरी लोकरीचा आहे आणि मागावर शिवणीवाचून विणलेला आहे. या शतकाच्या आरंभी केलेल्या किरणोत्सारी कर्बाच्या चाचणीने त्याचा काळ प्रभूनंतर कित्येक शतकांनी ठरवला. त्या निष्कर्षावर वाद आहेत, पण तो दडवण्याचे कारण नाही. २०१६ आणि २०२५ साली त्याचे जाहीर दर्शन झाले आणि लोक रांगा लावून आले. मला त्याच्याविषयी आस्था आहे ती वयामुळे नव्हे, १७९३ सालामुळे. फ्रान्सची राज्यक्रांती ऐन भरात होती, मंदिरे लुटली जात होती, अवशेष जाळले जात होते. आर्जन्तयीचे धर्मगुरू ओझे यांनी अंगरखा वाचवण्यासाठी तो कापला. काही तुकडे विश्वासू लोकांना दिले, काही आपल्या बागेत पुरले. जे करायला रोमन शिपाई धजावले नव्हते ते एका पॅरिश प्रीस्टला स्वतःच्या हातांनी करावे लागले. सुयांवरचे विणकाम असते तर कात्री लागताच टाके सुटत गेले असते; मागावरचे कापड होते म्हणून तुकडे तुकड्यांच्या रूपाने तरी उरले. ओझे तुरुंगात गेले. १७९५ साली सुटून आल्यावर त्यांनी बाग उकरली. काही तुकडे कधीच परत आले नाहीत. जे आले ते एकत्र आणून जोडावे लागले.